सहा वाक्यांचा पेंटर

कोडोलीच्या कृष्णात पेंटरला दोरी लागत नसे. दुसरे पेंटर भिंतीवर आधी खडूची दोरी मारतात, मग ओळ धरतात. हा गडी डाव्या हाताची करंगळी भिंतीला टेकवायचा, एक डोळा बारीक करायचा आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत अशी सरळ ओळ ओढायचा की बघणाऱ्यानं तोंडात बोट घालावं. दूध संस्थांचे फलक त्याचे, सोसायट्यांच्या पाट्या त्याच्या, बुद्धविहाराच्या कमानीवरची निळी अक्षरंही त्याचीच. अक्षर एवढं देखणं की त्यात लिहिलंय काय, हे वाचायची कुणाला गरजच वाटत नसे.

शहाण्णव साली जिल्ह्याच्या आरोग्य खात्याला जाग आली. एड्स नावाचा रोग आलाय, तरण्या पोरांना गाठतोय, असं वरून कळलं होतं. आता वरून कळलं की खातं काय करतं? भिंती रंगवतं. पन्हाळा, शाहूवाडी आणि गगनबावडा अशा तीन तालुक्यांच्या भिंती कृष्णातच्या वाट्याला आल्या आणि त्याच्या हातात एक टाइप केलेला कागद पडला. कागदावर सहा वाक्यं. पहिल्यात रोगाचं नाव. दुसऱ्यात, तो असुरक्षित लैंगिक संबंधातून पसरतो. तिसऱ्यात, निरोध वापरला तर टळतो. चौथ्यात, दूषित सुईनं, न तपासलेल्या रक्तातनं आणि आईकडून बाळालाही होतो. पाचव्यात, एका ताटात जेवल्यानं किंवा हात हातात घेतल्यानं होत नाही. आणि सहाव्यात, शंका आली तर सरकारी दवाखान्यात रक्त तपासून घ्या. शेंबड्या पोरालाही कळेल असा कागद. असा कागद सरकारी कचेरीतून सुटलाच कसा, याची खरं तर चौकशी व्हायला हवी होती.

काम सुरू व्हायच्या आधी खात्यानं एक दिवसाचं शिबिर घेतलं. शिबिर होतं नर्सबायांचं, पण फोटोत खुर्च्या रिकाम्या दिसायला लागल्या म्हणून पेंटरलाही आत बसवला. नर्सबायांना हे सगळं ठाऊक होतं, त्या विणकाम करत बसल्या. साहेबांना काहीच ठाऊक नव्हतं, ते डुलकी घेत बसले. ऐकलं एकट्या कृष्णातनं. डॉक्टरनं रोग कसा होतो, कसा टळतो, हे न लाजता सांगितलं. जाता जाता म्हणाला, नागीण कुणालाही उठते, पण तरण्याताठ्या पोराला उठली तर एकदा रक्त तपासायला सांगा, उगाच मंत्र घालत बसू नका. कृष्णातनं ते डोक्यात पक्कं बसवलं. त्या अख्ख्या शिबिरातून शहाणा होऊन बाहेर पडलेला एकमेव माणूस म्हणजे हा पेंटर, आणि शहाण्या माणसानं तोंड उघडायचं नसतं, ही आपल्याकडची रीत त्यानं लगेच पाळायला घेतली.

पहिलं गाव मलकापूरच्या रस्त्यावरचं. सरपंच सयाजीराव. माणूस दिलदार. पेंटरला आधी भाकरी-पिठलं खायला घातलं, मग चौकातली मोक्याची भिंत दिली. कृष्णातच्या आज्याला अशा चौकात पाय ठेवायची मुभा नव्हती. नातवाला भिंत रंगवायला मिळाली, फक्त तिच्यावर काय लिहायचं ते सयाजीराव ठरवणार होते, एवढी प्रगती झाली होती. सयाजीरावांनी कागद वाचला, दोन वेळा वाचला, इकडंतिकडं बघून त्याची घडी घातली. दुसरं वाक्य नको, म्हणाले, इथनं लेकी-सुना पाण्याला जात्यात. तिसरं तर नकोच नको. मग चौथं-पाचवं तरी कशाला, लोक विचारतील कशाबद्दल चाललंय. राहिलं पहिलं. त्यावरही सयाजीरावांनी बोट ठेवलं.

"पेंटर, गावात रोगाचं नाव लिवलं तर सोयरीक करायला येणारा पावणा काय म्हणंल? हितल्या पोरास्नी पोरी कोण दील?"

आता सहावं एकटं लिहावं, तर शंका कसली आणि तपासायचं काय, याचा पत्ता लागत नव्हता. शेवटी दोघांनी मिळून मध्यममार्ग काढला. पाच फूट उंच लाल फीत, म्हणजे खात्यानं दिलेली त्या रोगाची खूण, आणि खाली कोरीव अक्षरांत दोन शब्द: 'काळजी घ्या.' त्याखाली बारीक अक्षरात आरोग्य विभाग. कृष्णातला वाटलं, खातं बिल अडवणार आणि पुन्हा लिहायला लावणार. पण साहेबांनी फोटो पाहिला, फीत सरळ आहे म्हणाले आणि शाबासकी दिली. शिवाय हाच नमुना सगळीकडं वापरा, म्हणजे तक्रारी येणार नाहीत, असा सल्लाही दिला.

मग काय विचारता. पाच वर्षांत एकशे चाळीस भिंती झाल्या. मलकापूरच्या रस्त्यावर एका वळणाच्या अलीकडं भिंत होती, तिथं ट्रकवाले 'काळजी घ्या' वाचून गाडी हळू करायला लागले. त्या वळणावरचे अपघात कमी झाले म्हणून ग्रामपंचायतीनं पेंटरचा नारळ देऊन सत्कार केला. एका हायस्कुलात हेडमास्तरांनी 'संयम पाळा' असं लिहून घेतलं, आणि नववीच्या पोरांनी कशाचा संयम म्हणून विचारलं तर खेळाच्या तासाचा, असं ठणकावून सांगितलं. त्याच हायस्कुलात विज्ञानाच्या पुस्तकातला तो धडा 'घरी वाचा' म्हणून सोडला जायचा आणि घरी ते पुस्तक उघडलं की पोराच्या पाठीत धपाटा बसायचा. गगनबावड्याकडच्या एका वाडीनं मात्र सहाच्या सहा वाक्यं बिनबोभाट लिहू दिली. मे महिन्याची अखेर होती. पंधरा दिवसांत पावसानं सगळं धुऊन नेणार, हे वाडीला आणि पेंटरला दोघांनाही ठाऊक होतं.

या सगळ्यात कृष्णातला कधी काही वाटलं नाही का? वाटलं की. पहिल्या दहा भिंतींपर्यंत वाटलं. कुणाशी भांडावं, एखाद्या सरपंचाला सांगावं की दादा, तुमच्याच पोरांच्या जिवाचा प्रश्न हाय, असंही मनात यायचं. पण बोलायचं म्हणजे ते शब्द तोंडातून काढायला हवेत. ब्रशनं तो काहीही लिहू शकत होता, तोंडानं मात्र नाही. बायको मीनाबाई, लग्नाला पंधरा वर्षं झालेली, तिच्यासमोरही त्यानं कधी तिसरं वाक्य उच्चारलं नव्हतं. अकराव्या भिंतीपासून वाटणं बंद झालं आणि काम जोरात चालायला लागलं.

घरी मात्र ती सहा वाक्यं जिवंत होती. कामाच्या सुरुवातीला त्यानं हौसेनं सगळ्यांचे छाप कापले होते. जुने एक्स-रे आणायचे, त्यावर अक्षर काढायचं आणि ब्लेडनं कोरायचं. हे कोरायचं काम लेकीकडं, मनालीकडं. पोर तेव्हा बारा-तेरा वर्षांची, हात बापासारखाच. कुणाच्या तरी मोडक्या बरगड्यांवर तिनं 'लैंगिक' कोरलं, कुणाच्या मनगटावर 'निरोध' कोरलं. एकदा तिनं विचारलं, आप्पा, ह्याचा अर्थ काय? मीनाबाईनं चुलीपुढून लाटणं उगारलं. कृष्णात म्हणाला, अवघड शब्द हाय, उकाराकडं नीट बघ. त्या शब्दात उकार नव्हताच, पण बापाची अवस्था बघून पोरीनं पुन्हा विचारलं नाही. तिनं तो कागद मागून घेतला आणि आपल्या वहीत ठेवला. पुढं कॉलेजात गेल्यावर राहिलेलं वाचनालयात बसून वाचलं. जिल्ह्याच्या एवढ्या मोठ्या मोहिमेचा लाभ घेतलेली बहुधा ती एकटीच.

कृष्णातची थोरली बहीण बाळाबाई मलकापूरच्या अलीकडं एका गावात दिलेली. तिचा एकुलता एक सूरज. पोरगा हसरा, कामाला वाघ, मामावर जीव टाकणारा. अठराव्या वर्षी क्लीनर म्हणून दुधाच्या टँकरवर गेला, मग लायसन काढून स्टिअरिंगवर बसला. आठवड्यातून तीन फेऱ्या मुंबईच्या. जाता-येता मामाच्या भिंती दिसल्या की हॉर्न मारायचा, आणि क्लीनरला सांगायचा, ह्ये अक्षर माझ्या मामाचं. मनाली त्याच्या मामाची लेक, म्हणजे पाळण्यात असतानाच ठरलेलं. कुणी ठरवलं असं नाही. आमच्याकडं बहिणीच्या घरात भावाची लेक जाते, त्यात ठरवायचं काय?

दोन हजार दोनच्या उन्हाळ्यात बाळाबाईचा निरोप आला की सूरजला नागीण उठलीय, ब्रश घेऊन ये. ब्रश कशाला, हे कृष्णातला विचारावं लागलं नाही. नागिणीचं तोंड आणि शेपटी एकमेकांना भिडली की माणूस दगावतो, अशी लोकांची समजूत. म्हणून फोडांच्या दोन्ही टोकांना काव, म्हणजे गेरू, लावून वाट अडवायची. काव कुणीही लावतं, पण घरात एवढा नावाजलेला पेंटर असताना नुसत्या बोटानं कोण फासणार? बाळाबाईनं वाटीत काव कालवून तयार ठेवली होती.

सूरज उघडा बसला होता. अंगावर मांस उरलं नव्हतं. डाव्या बरगडीवरून पाठीकडं लालभडक फोडांची रांग गेली होती. कृष्णातनं करंगळी पोराच्या बरगडीला टेकवली आणि ब्रश चालवला. हाताखाली तेवीस वर्षांचं अंग थरथरत होतं आणि कृष्णातच्या डोक्यात शिबिरातला डॉक्टर बोलत होता, शब्द न् शब्द. बोलावं का? आक्का दारात उभी. तिच्या पोराला काय म्हणायचं, कुठं जातोस, कुणाकडं जातोस, रक्त तपास? काव सुंदर लागली. शेजारपाजारच्या बाया बघून म्हणाल्या, काय हात हाय पेंटरचा. निघताना कृष्णातनं भाच्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाला, "काळजी घे."

लाज वाटली त्याला. परतताना एसटीत बसून आपल्याच तोंडात मारून घ्यावंसं वाटलं. पण नागीण पंधरा दिवसांत उतरली, बाळाबाईनं विहारात खिरीचं दान केलं, आणि पेंटरच्या हाताला गुण आहे, हे पंचक्रोशीत झालं. आणखी चार ठिकाणांहून बोलावणी आली.

पुढच्या वर्षी माघात बाळाबाई नवऱ्याला घेऊन रीतसर मागणी घालायला आली. सोबत सूरज. वैशाखी पौर्णिमेच्या आसपास विहारात लग्न उरकावं, असा विचार. आता कृष्णातकडं तीन महिने होते आणि बोलायचं होतं एक वाक्य, तेही सहावं, सगळ्यात सोपं. लग्नाआधी पोराचं रक्त तपासू या. एवढंच. तेवढं न बोलता पोरगी दिली तर तिच्या जिवाशी खेळ, हे त्याच्याइतकं त्या घरात कुणाला कळत होतं? ही मंडळी येणार असा निरोप आल्यापासून सहा-सात रात्री त्याला झोप नव्हती. मीनाबाईला वाटलं, लेक जाणार म्हणून बापाचं काळीज तुटतंय. त्यानं तिचा तो समज तसाच राहू दिला.

दुपारची वेळ. जेवणं झाली. चहा आला. तारखेवर बोलणं आलं तसा कृष्णातनं दोनदा घसा खाकरला. दोन्ही वेळा बाळाबाईनं त्याच्याकडं प्रेमानं बघितलं, आणि दोन्ही वेळा त्यानं चहाचा घोट घेतला. तिसऱ्यांदा खाकरायच्या आत मनाली दारातून पुढं आली. ओढणीचं टोक हातात गच्च धरलेलं, पण आवाज ठणठणीत.

"आत्ती, तारीख धरायच्या आधी आमा दोघांचं रक्त तपासायचं. एड्सचं. माझंबी आणि सूरजचंबी."

बाळाबाईच्या तोंडाचा पट्टा सुटला. भावाच्या दारात पोराची झडती घ्यायला बोलावलंय होय? घरातलंच पोरगं, मामाच्या मांडीवर वाढलेलं, त्याला असला रोग? शिकवली म्हणून ही पोर असलं बोलती, आणि आई ऐकून घेती? मीनाबाई बिचारी पदरात तोंड लपवून बसली. तिला अजून रोगाचं नावही धड कळलं नव्हतं. शेवटी बाळाबाई भावाकडं वळली आणि म्हणाली, तूच सांग तुझ्या लेकीला. आयुष्यभर ह्याचंच लिवत आलास न्हवं?

आता याहून चांगली संधी गाड्यावर घालून कुणी दारात आणून दिली नसती. सगळ्यांचे डोळे पेंटरवर. कृष्णातनं कप खाली ठेवला. ओठ हलले.

"काळजी घेतल्याली बरी," तो म्हणाला.

मनालीनं बापाकडं असं बघितलं की पुन्हा त्यानं मान वर केली नाही. उठला तो सूरज. आईला म्हणाला, गप बस, ती दोघांचंबी म्हणतीया. मग मनालीला म्हणाला, कुठं जायाचं ते मला काय ठावं न्हाय, तूच ने. हसत म्हणाला. बाळाबाई त्याच पावली माघारी गेली, आणि जाताना भावाच्या घरचं पाणीसुद्धा पुन्हा पिणार नाही, असं बजावून गेली.

सोमवारी तिघं कोल्हापुरात सरकारी दवाखान्यात गेले. मनाली, सूरज आणि मागं चार पावलं राखून कृष्णात. एका कोपऱ्यात छोटी खोली, आत समुपदेशक बाई. तिनं एकेकाला आत घेतलं, आधी बोलली, मग रक्त घेतलं. दुपारी रिपोर्ट. मनाली आत गेली आणि पाच मिनिटांत बाहेर आली, तिला काही नव्हतं. सूरज गेला तो अर्धा तास झाला तरी येईना. कृष्णात बाकावर बसून समोरच्या भिंतीवरची पाटी बघत होता. वेलांटी चुकलेली होती आणि अक्षर भिकार होतं, पण सगळं लिहिलेलं होतं.

सूरज बाहेर आला. कुणाला सांगितलं नाहीस तरी चालतंय, असं बाईनं सांगितलेलं, पण त्यानं स्वतःच सांगितलं. रोग हाय म्हणाला. तीनदा तपासलं, तिन्ही वेळा आला. लगीच मरत न्हाई माणूस, बाई म्हणाल्या. खायाचं नीट, दारू सोडायची, दाखवत ऱ्हायाचं. औषधं निघाल्यात, हितंबी येतील. आवाज सरळ होता. मनालीला म्हणाला, तू वाचलीस बघ, बरं केलंस. मनाली रडली. लग्न होणार नाही, हे दोघांनाही कळलं होतं. मग ती बाहेर जाऊन भडंगाची पुडी घेऊन आली, ती त्याच्या हातात दिली, शेजारी बसली आणि त्याच पुडीतनं मूठ-मूठ खायला लागली. कृष्णातनंही हात पुढं केला.

मनाली पुडीचा कागद टाकायला आणि पाण्याची बाटली भरायला गेली. मामा-भाचे दोघंच राहिले.

"मामा, बाईनं आज पयल्यांदा सगळं उलगडून सांगितलं," सूरज म्हणाला. "साधं निरोध वापरलं असतं तरी टळलं असतं म्हनं. आमी गाडीवरची पोरं, आमाला कुणी सांगितलंच न्हाई. तुमच्या समद्या भिंती वाचल्यात मी. तितं काय लिवल्यालं न्हवतं."

कृष्णात बाकाच्या कडेचा सुटलेला रंग नखानं खरवडायला लागला.

"तुमाला ठावं हुतं?"

मान हलवून सुटका झाली असती. पण आयुष्यात पहिल्यांदा त्या माणसानं तोंड उघडलं.

"हुतं."

"कवापासनं?"

"शहाण्णव सालापासनं."

सूरजनं बोटं मोडत मनाशी काहीतरी मोजलं. राग नव्हता त्याच्या तोंडावर, निव्वळ हिशोब लावत होता.

"मी गाडीवर गेलतो सत्त्याण्णवला," तो म्हणाला.